परसाहाय्याची प्रेरणा आणि प्रसंग : उल्हासनगर वसाहतीच्या इतिहासावरून एक विचार

१. प्रश्नाची मांडणी

मनुष्य दुसऱ्याच्या मदतीस का धावतो, आणि तोच मनुष्य एखाद्या अन्य प्रसंगी पाहून न पाहिल्यासारखे का करतो, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. धर्मचिंतकांनी त्याचे उत्तर पुण्याच्या कल्पनेत शोधले, तर तत्त्वज्ञांनी ते कधी विवेकात आणि कधी सहानुभूतीत शोधले. ऑग्यूस्त कोंत याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास 'परार्थपरता' या अर्थाचा नवा शब्द फ्रेंच भाषेत रूढ केला आणि हा प्रश्न समाजशास्त्राच्या कक्षेत आला. पुढे क्रोपोटकिन याने १९०२ मध्ये परस्परसाहाय्य हा जीवसृष्टीच्या उत्क्रांतीतील एक घटक असल्याचे प्रतिपादन केले. विल्यम मॅक्डूगल याने १९०८ मध्ये परोपकाराचे मूळ वात्सल्याच्या सहजप्रवृत्तीत दाखविले.

या सर्व उपपत्तींत एक उणीव समान आहे. मनुष्य मदत करतो एवढे त्या सांगतात. परंतु केव्हा करतो, कोणाला करतो आणि कोठे येऊन थांबतो, हे त्यांवरून उलगडत नाही. सहजप्रवृत्ती सर्वांच्या ठायी सर्वकाळ असेल, तर मदतीचे प्रमाण प्रसंगागणिक बदलावयाचे कारण नाही. प्रत्यक्षात ते बदलते. हा बदल समजून घ्यावयाचा तर प्रवृत्तीबरोबरच प्रसंगाचाही विचार करणे अगत्याचे ठरते. आणि प्रसंगाचा विचार हे इतिहासाचे क्षेत्र होय.

या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे गाव अभ्यासास विशेष अनुकूल आहे. फाळणीनंतरच्या अल्पावधीत सुमारे एक लाख निराधार माणसे तेथे येऊन पडली. त्यांना साहाय्य करणारांत शासन होते, नातलग होते, पूर्वीचे गावकरी होते आणि सर्वस्वी अपरिचितही होते. मदतीचे जवळजवळ सर्व प्रकार तेरा-चौदा चौरस किलोमीटरांच्या भूमीवर एकाच काळी एकत्र आलेले असे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

२. छावणीपासून वसाहतीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या आग्नेयेस सरकारने एक विस्तीर्ण लष्करी छावणी उभारली. सुमारे सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहू शकतील अशी तिची योजना होती. दोन हजारांहून अधिक बराकी आणि अकराशेहून अधिक निवासस्थाने तीत होती. बहुतेक बराकींची रचना एकसारखी असे : मध्ये मोठे दालन आणि दोन्ही टोकांस जोडलेल्या खोल्या. युद्ध संपल्यावर ही छावणी ओस पडली.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली, तशी सिंधची झाली नाही. तो प्रांत संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. प्रारंभीचे काही महिने तेथील हिंदू समाज बव्हंशी जागच्या जागीच होता. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर स्थलांतरास जोराचा वेग आला. पंजाबातील निर्वासित मुख्यतः पायी आणि आगगाडीने आले. सिंधमधील अनेक कुटुंबे कराचीहून जहाजाने मुंबईच्या व काठेवाडच्या बंदरांत उतरली. मुंबई शहरात आधीच घरांचा तुटवडा असल्याने प्रांतिक सरकारने काही जहाजे काठेवाडच्या बंदरांकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. जी माणसे मुंबईस उतरली, त्यांपैकी फार मोठ्या संख्येची रवानगी कल्याणच्या ओसाड छावणीत करण्यात आली.

छावणीचे पाच विभाग होते. त्यांना लष्कराच्या शिरस्त्याप्रमाणे केवळ क्रमांक होते. त्यांपैकी पहिला, कॅम्प १, शहाड स्थानकाच्या आणि उल्हास नदीच्या बाजूस पडतो. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. १९५१ च्या शिरगणतीत गावची वस्ती सुमारे ८० हजार भरली. पुढे शहाडजवळ १९५० नंतरच्या दशकात रेयॉनचा मोठा कारखाना निघाला, १९६० मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९९६ मध्ये महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या वर गेली. तरीही 'कॅम्प' हा शब्द आणि त्यापुढचा आकडा लोकांच्या पत्त्यांतून गेला नाही. आपण येथे कोणत्या अवस्थेत आलो, याची नोंद पत्त्यातच राहिलेली अशी गावे थोडी आहेत.

३. शासनाचे साहाय्य : कर्तव्य की उपकार

पहिले साहाय्य शासनाचे होते. छप्पर, शिधा, पाणी आणि दवाखाना या चार गोष्टी सरकारने पुरविल्या. त्यांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. त्यांवाचून त्या पावसाळ्यात सहस्रावधी माणसे उघड्यावर पडली असती. परंतु मदत देणाऱ्याच्या मनात जे असते, तेच घेणाऱ्याच्या मनात उमटते असे नव्हे.

मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांसंबंधी कायदा केला. त्यान्वये निर्वासितांची नोंदणी आवश्यक ठरली आणि त्यांच्या वास्तव्याच्या जागेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार शासनाला मिळाला. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट होती. निर्वासितांना मात्र ती बोचली. ज्यांनी सिंधमध्ये दुकाने, वाडे आणि शाळा चालविल्या होत्या, त्यांना आता कोठे राहावे हे विचारून ठरवावे लागणार होते. 'शरणार्थी' हा शब्दही त्यांना रुचला नाही. त्याऐवजी 'पुरुषार्थी' म्हणवून घेणे पंजाबी व सिंधी निर्वासितांनी पसंत केले. हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. पहिल्या शब्दात मदत घेणारा दात्याच्या पायाशी उभा आहे; दुसऱ्यात तो स्वतःच्या पायांवर उभा आहे.

मदत स्वीकारणाऱ्याच्या मनःस्थितीचा पद्धतशीर विचार मानसशास्त्राने बऱ्याच उशिरा केला. फिशर, नॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात एक सूत्र पुढे आले : मदतीमुळे घेणाऱ्याच्या आत्मसन्मानास धक्का पोचत असेल, तर तो मदतीविषयी कटुता बाळगतो, मात्र त्याच वेळी तिच्यातून लवकर मुक्त होण्याची धडपडही करतो. कल्याणच्या छावणीत या दोन्ही प्रतिक्रिया एकाच वेळी दिसून येतात. एका बाजूस गाऱ्हाणी, मोर्चे आणि निवेदने होती; दुसऱ्या बाजूस मिठाई, पापड, गोळ्या, कापडाचे तुकडे घेऊन लोकल गाड्यांतून फिरणारी माणसे होती, आणि त्यांत शाळकरी मुलेही होती. मोफत शिधा बंद करण्याचे धोरण केंद्र सरकारने १९४९ च्या सुमारास अंगीकारले. तथापि त्याआधीच अनेक कुटुंबांनी मिळकतीचा काही ना काही मार्ग शोधला होता.

सिंधमधील ज्येष्ठ काँग्रेस नेते डॉ. चोइथराम गिडवाणी यांनी निर्वासितांची बाजू सातत्याने मांडली. पुढे ते ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मदतीची भाषा येथे बदलली. जे दान म्हणून मिळत होते, ते आता हक्क म्हणून मागितले जाऊ लागले. १९५४ च्या विस्थापितांना नुकसानभरपाई देण्याविषयीच्या केंद्रीय कायद्याने या मागणीस वैधानिक रूप दिले आणि बराकींतील जागा राहणाऱ्यांच्या मालकीच्या होण्याचा मार्ग खुला झाला. दानाचे रूपांतर हक्कात होणे ही मदतीच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. दान देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असते. हक्क तसा नसतो.

विद्वानांचे लक्षही या प्रक्रियेकडे वेधले गेले होते. युनेस्कोच्या वतीने गार्डनर मर्फी हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५० मध्ये सामाजिक तणावांच्या अभ्यासासाठी भारतात आले. मुंबईत सी. एन. वकील आणि पेरिन कॅबिनेटमेकर यांनी शासन व विस्थापित यांच्यातील तणावांवरील आपला अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यात स्नेहच निर्माण होईल हे गृहीत धरता येत नाही, हा या अभ्यासविषयामागील मूलभूत विचार होता.

४. बराकीतील शेजार

शासनाची मदत वरून खाली येत होती. तिच्या जोडीला आणखी एक मदत आडव्या दिशेने वाहत होती. तिचे स्वरूप बराकीच्या रचनेवरून ध्यानात येते. सैनिकांसाठी बांधलेल्या दालनात अनेक कुटुंबे राहिली. मधल्या भिंती म्हणजे गोणपाट, चादरी किंवा जुनी लुगडी. नळ सामाईक, शौचकूप सामाईक. अशा ठिकाणी शेजारच्या मुलाचा ताप लपत नाही, पलीकडची चूल पेटली नाही हेही लपत नाही. मदतीची पहिली पायरी म्हणजे गरज दृष्टीस पडणे. बराकीने खाजगीपणा हिरावून घेतला, तसेच अज्ञानाची सबबही हिरावून घेतली.

परंतु केवळ जवळीक पुरेशी नसते. दाटीवाटीने राहणारी माणसे भांडतातही, आणि सामाईक नळावरची भांडणे हा छावणीच्या जीवनाचा नित्याचा भाग होता. जवळिकीला साहाय्याचे रूप देण्यास तीन जुन्या संस्था कारणीभूत झाल्या.

पहिली संस्था पंचायतीची. सिंधमधील हिंदू समाजात गावोगावी पंचायती असत आणि त्यांच्या प्रमुखाला 'मुखी' म्हणत. तंटे मिटविणे, विधवा व अनाथ यांची सोय लावणे, विवाहादी कार्यांतील खर्चाला मर्यादा घालणे ही कामे पंचायत करी. स्थलांतरानंतर लारकाणा, सक्खर, शिकारपूर अशा मूळ गावांच्या नावे पंचायती पुन्हा संघटित झाल्या. गाव गेले, पण गावकीचे नाते राहिले. अपरिचितांच्या गर्दीत मनुष्याला आपली जबाबदारी कोणाविषयी आहे हे त्यामुळे ठरविता आले.

दुसरी संस्था सेवेची. सिंधी हिंदूंमध्ये नानकपंथाचा प्रभाव खोल होता. टिकाणे आणि दरबार यांतून सामुदायिक पाठ, भजन आणि भोजन यांची परंपरा चालत आली होती. या परंपरेत सेवा ही उपासनेचाच भाग असल्याने घेणारा ओशाळा होत नाही. तोही उद्या वाढावयास उभा राहतो. शासकीय शिध्यात जी बोच होती, ती पंगतीत नव्हती, याचे कारण हेच.

तिसरी संस्था पतीची. शिकारपूरचे सराफ आणि हैदराबादचे सिंधवर्की व्यापारी यांनी हुंडीच्या बळावर मध्य आशियापासून पूर्वेकडील बंदरांपर्यंत व्यापार केला होता. त्यांच्या व्यवहारात शब्दाला तारणाचे मोल होते. निर्वासित अवस्थेत तारण ठेवावयास काही उरले नव्हते. शब्द तेवढा उरला होता. ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल, आणि परस्परांत चालविलेली भिशी, या दोन साधनांवर अनेकांचे पहिले दुकान उभे राहिले. भिशीत दहा-वीस जण दरमहा ठराविक रक्कम जमवितात आणि ती पाळीपाळीने एकेकाला मिळते. तीत दाता आणि याचक असा भेदच नसतो. प्रत्येक जण दोन्ही असतो, फक्त वेळ निराळी. महाराष्ट्राच्या खेड्यांतील इर्जिक आणि सावड यांचे तत्त्वही हेच होते. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या.

आल्विन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये परतफेडीचा नियम हा जवळजवळ सर्व समाजांत आढळणारा नैतिक नियम असल्याचे मांडले. उल्हासनगरचा अनुभव त्याला पुष्टी देतो. तथापि त्यात एक भर घालावी लागते. परतफेडीचा नियम टिकून राहण्यास परतफेडीची संधी लागते. ज्याला उद्या काही देता येईल अशी आशा नाही, तो या नियमाच्या बाहेर पडतो. म्हणून वसाहतीतील वृद्ध, अपंग आणि एकट्या पडलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत भिशीचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी सेवेची आणि शासनाचीच गरज होती. मदतीचा एक प्रकार दुसऱ्याची जागा भरून काढू शकत नाही, हा धडा येथे मिळतो.

शिक्षणाच्या क्षेत्रात याच प्रवृत्तीला दीर्घजीवी रूप मिळाले. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड ही संस्था १९२२ पासून सिंधमध्ये कार्य करीत होती. प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्यास तिचे महाविद्यालय नव्याने सुरू केले. १९६५ मध्ये याच संस्थेने उल्हासनगरात श्रीमती चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय काढले. निर्वासितांच्या मुलांसाठी निघालेल्या या वर्गांत पुढे सर्व भाषांचे विद्यार्थी बसू लागले. सजातीयांसाठी सुरू झालेली मदत संस्थेचे रूप घेताच परकीयांपर्यंत पोचते, याचे हे बोलके उदाहरण होय.

५. मदतीची सीमारेषा

येथवरचे विवेचन वाचून उल्हासनगरचा इतिहास हा परोपकाराचा अखंड गौरवग्रंथ आहे असा समज होणे शक्य आहे. तो योग्य ठरणार नाही. 'आपला' कोण हे ज्या नात्याने ठरते, त्याच नात्याने 'परका' कोण हेही ठरते. मदत जेथून सुरू होते, त्याच रेषेवर ती अडतेही.

याचे पहिले उदाहरण फाळणीच्या काळातीलच आहे. पाकिस्तानातून आलेल्या अनुसूचित जातींच्या निर्वासितांना साहाय्याच्या व्यवस्थेत न्याय्य वाटा मिळत नाही, अशी तक्रार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मांडली. घरदार सोडून येण्याचे दुःख समान होते. पण समान दुःखानेही जातीची भिंत आपोआप कोसळली नाही. आपत्तीत सर्व भेद मावळतात ही समजूत किती अपुरी आहे, हे त्यावरून दिसते.

दुसरे उदाहरण भूमीचे. ज्या जमिनीवर निर्वासितांना आश्रय मिळाला, ती युद्धकाळात लष्करासाठी घेतलेली होती. कल्याणच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी त्या काळी अशाच लष्करी कामांसाठी गेल्या. नेवाळीच्या विमानतळासाठी घेतलेल्या जमिनींचा वाद तर इतका दीर्घकाळ धुमसत राहिला की २०१७ च्या जूनमध्ये तेथे शेतकऱ्यांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा इतिहास लिहिताना शासन, पंचायती आणि उद्योगी निर्वासित यांची नावे येतात. ज्यांनी इच्छेने नव्हे, तर हुकमाने जमिनी दिल्या, त्यांचे नाव दात्यांच्या यादीत नसते. त्यांच्या त्यागाला परोपकार म्हणता येत नाही, कारण त्यात संमती नव्हती. परंतु त्यावाचून पुढचा परोपकारही शक्य झाला नसता.

येथे दोन विस्मृती समोरासमोर उभ्या राहतात. निर्वासित समाजाच्या स्मृतीत स्वकष्टाची कथा प्रधान झाली आणि मिळालेल्या साहाय्याचा भाग पुसट होत गेला. स्थानिकांच्या स्मृतीत गमावलेली जमीन राहिली, आणि आलेल्या माणसाने काय गमावले होते ते पुसट झाले. दोन्ही कथा खऱ्या आहेत. परंतु प्रत्येक कथा अर्धीच आहे. परस्परांचे ऋण विसरलेल्या समाजांत पुढील मदतीची प्रेरणाही क्षीण होते, म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासलेखनाचा उरत नाही.

सीमारेषा ओलांडली जातच नाही असे मात्र नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि रोगबाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या त्या कृत्यामागे क्षणिक कळवळा नव्हता. सत्यशोधक विचाराने 'आपले' या शब्दाची व्याप्ती त्यांच्या पुरती अगोदरच रुंद केलेली होती. प्रसंग आला तेव्हा नव्याने निर्णय घ्यावा लागला नाही.

६. प्रयोगशाळेतील पडताळा

न्यूयॉर्क शहरात १३ मार्च १९६४ रोजी किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कोणीही हालले नाही, असे वृत्त प्रसिद्ध झाले. हे वृत्त अतिरंजित होते हे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. परंतु त्यावरून बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी जे प्रयोग योजले, त्यांचे मोल कायम राहिले. १९६८ च्या एका प्रयोगात दूरध्वनिसदृश यंत्रावरून बोलणाऱ्या व्यक्तीला झटका आल्याचा भास निर्माण केला गेला. आपणच एकटे ऐकत आहोत असे मानणाऱ्यांपैकी ८५ टक्के माणसे झटका संपण्यापूर्वीच मदतीस उठली. आणखी चौघे ऐकत आहेत असे मानणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी अनेकांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, हा त्याचा अर्थ.

डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग अधिकच विचार करावयास लावणारा आहे. वाटेत कण्हत पडलेल्या माणसाजवळ, घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. अतिशय घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्के. त्यांतील काही जण परोपकाराविषयीच्या बोधकथेवर व्याख्यान देण्यासच निघाले होते, पण त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

मार्क लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फुटबॉलच्या शौकिनांवर प्रयोग केला. पडलेल्या माणसाच्या अंगात स्वतःच्या आवडत्या संघाचा सदरा असला तर बहुतेक जण थांबत, प्रतिस्पर्धी संघाचा असला तर थोडेच. मात्र 'आपण सारे फुटबॉलचे रसिक' ही जाणीव आधी जागी केली असता प्रतिस्पर्ध्यालाही मदत मिळाली. अलीकडे, २०१९ मध्ये, लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउन येथील रस्त्यांवरील कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचे परीक्षण झाले. दहांपैकी नऊ प्रसंगी पाहणारांपैकी कोणी ना कोणी मध्ये पडले होते. म्हणजे गर्दी नेहमीच बधिर असते असेही नाही.

हे निष्कर्ष उल्हासनगरच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यास त्यांची संगती लागते. पंचायतीने जबाबदारीची वाटणी केली, त्यामुळे लाखाच्या गर्दीतही प्रत्येक कुटुंब कोणाच्या तरी नावे राहिले. 'दुसरा कोणी पाहील' ही पळवाट आखडली. बराकीने गरज दृष्टीआड होऊ दिली नाही. आणि पंचायतीचे जे 'आपण', ते लिव्हाइनच्या प्रयोगातील संघाच्या सदऱ्यासारखेच होते : त्याने मदत वाढविली आणि मर्यादितही केली.

७. नदीकाठचे दोन अलीकडचे प्रसंग

या परिसरातच घडलेले दोन प्रसंग पडताळ्यासाठी घेता येतात. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि अन्य यंत्रणांनी नावांच्या साह्याने सर्वांना सुखरूप बाहेर काढले. आसपासचे ग्रामस्थही मदतीस उतरले. आदल्या संध्याकाळपर्यंत जे एकमेकांचे कोणी नव्हते, ते एका रात्रीत समान संकटाचे भागीदार झाले. चार्ल्स फ्रिट्झ याने १९६१ मध्ये आपत्तीनंतरच्या समाजाचे वर्णन करताना हीच गोष्ट नोंदविली होती : संकट उघड असते, सर्वांचे असते आणि त्याचे कारण बाहेरचे असते, तेव्हा माणसे जवळ येतात. परंतु ही जवळीक अल्पजीवी असते. गाडीतील माणसे आपापल्या घरी गेली. बराकीतील माणसांना जाण्यास घर नव्हते. म्हणून त्यांना पंचायत आणि भिशी पुन्हा उभारावी लागली.

दुसरा प्रसंग १७ एप्रिल २०२१ चा. वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन मातेचा लहान मुलगा फलाटावरून रुळांवर पडला आणि समोरून जलद गाडी येत होती. रेल्वेतील पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत गेले, मुलाला फलाटावर चढविले आणि गाडी येण्याच्या जेमतेम क्षणभर आधी स्वतः वर आले. स्वतःच्या जिवालाही धोका आहे हा विचार मनात येऊन गेला होता, असे त्यांनी नंतर सांगितले. रेल्वेने त्यांना पन्नास हजार रुपयांचे पारितोषिक दिले; त्यातील निम्मी रक्कम त्या मुलासाठी देण्याचे त्यांनी जाहीर केले. या कृत्याचे स्पष्टीकरण केवळ प्रसंगाच्या घटकांनी होते काय? बरेचसे होते. गरज निःसंदिग्ध होती. आई पाहू शकत नव्हती आणि जवळ दुसरा कोणी नव्हता, म्हणून जबाबदारी वाटली जाण्यास वाव नव्हता. रूळ, गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्यांना नोकरीमुळे होता. तरीही धोका दिसत असताना पाऊल मागे न घेणे हे या घटकांच्या बेरजेत पूर्णपणे बसत नाही. तेथे प्रसंग संपतो आणि मनुष्य सुरू होतो. मात्र प्रसंग जेथवर पुरतो, तेथवर त्याचे श्रेय त्याला देणे शास्त्रीय दृष्टीस आवश्यक आहे.

८. उपसंहार

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की परसाहाय्य ही केवळ स्वभावाची बाब नव्हे. गरज दिसणे, ती आपली जबाबदारी वाटणे आणि काय करावे हे कळणे, या तीन अटी पुऱ्या झाल्या की सामान्य माणूसही मदत करतो. त्या नसल्या की धर्मशास्त्राचा विद्यार्थीही पुढे निघून जातो. दुसरा असा की आपत्तीतील उत्स्फूर्त कळवळा दीर्घकाळ पुरत नाही. तो ओसरल्यावर मदत चालू ठेवण्याचे कार्य संस्था करतात. तिसरा असा की मदत घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखणारी मदतच टिकते. पंगत, भिशी आणि कायद्याने मिळालेला हक्क यांनी जे साधले, ते रांगेतील शिध्याने साधले नाही. आणि चौथा, सर्वांत अवघड निष्कर्ष असा की आपलेपणाची जी भावना मदतीस प्रवृत्त करते, तीच तिला कुंपण घालते.

या कुंपणावर उपाय आपलेपणा सोडून देणे हा नव्हे. तसे झाल्यास मदतीचे मूळच सुकेल. उपाय 'आपण' या शब्दाचा विस्तार करणे हा आहे, आणि तो उपदेशाने फारसा होत नाही. एका वर्गात बसलेली मुले, एका कारखान्यात राबणारे कामगार, एका नदीच्या पुरात सापडलेली गावे यांच्या समान अनुभवातून तो होतो. शहाडच्या बाजूने कॅम्प १ मध्ये शिरणाऱ्याला आज तेथे अनेक भाषा ऐकू येतात. बराकींच्या जागी बहुधा पक्क्या इमारती आल्या आहेत आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार आहे. शेजारची चूल पेटली की नाही हे आता आपसूक कळत नाही. ते विचारावे लागते.